नावाची बाजू

चित्र कापलंय हे पौर्णिमाला आत शिरल्याबरोबर कळलं नाही. तिला फक्त घोडे चुकीचे दिसले.

अकोल्याला खुशालरावांच्या नव्या हॉटेलचं उद्घाटन होतं. स्वागतकक्षाच्या मोठ्या भिंतीवर तिचं तैलचित्र लावलेलं होतं. दीडशे वर्षांपूर्वीचा पॅरिसचा गजबजलेला रस्ता. नुकताच पाऊस पडून गेलेला, घोडागाड्यांची गर्दी, उंच काळ्या टोप्या घातलेले पुरुष, झगे सावरत डबकी चुकवणाऱ्या बाया, आणि ओल्या फरशीवर पसरलेला पिवळा उजेड. पावसाळ्यात सुरू केलेलं ते चित्र तिने थंडी पडल्यावर संपवलं होतं. त्यातला एकेक घोडा तिच्या ओळखीचा होता. आज ते सगळे घोडे सरळ भिंतीत शिरत होते.

ती जवळ गेली. उजवीकडे रस्ता जिथे वळायचा ते वळणच तिथे नव्हतं. वळणावरचं पावाचं दुकान नव्हतं, हातगाडी ढकलणारा म्हातारा नव्हता, आणि त्या गल्लीच्या तोंडातून येणारं मावळतीचं ऊनही नव्हतं. रस्ता चमकत होता, पण कशाने चमकतोय ते आता कळत नव्हतं. ज्या बाजूने उजेड येत होता ती बाजूच कोणीतरी वरपासून खालपर्यंत सरळ कापून टाकली होती. त्या जागी एक भलामोठा टीव्ही बसवला होता आणि त्यावर हॉटेलच्या खोल्या फिरून फिरून दिसत होत्या. तिची सही उजव्या कोपऱ्यात, अगदी खाली होती. तीही गेली होती.

"अहो," तिने नवऱ्याला हाक मारली. "इकडे या जरा."

शेखर येईपर्यंत तिच्याशेजारी एक बाई येऊन उभी राहिली. जांभळं पैठणी लुगडं, नाकात ठसठशीत नथ, चेहऱ्यावर कौतुक मावत नव्हतं.

"पाहून राहिली का?" ती म्हणाली. "पॅरिसचं हाय ते. आमच्या यायनं तिकडून आणलं. आमी गेलतो ना युरोपले, तवाच ठरवून ठेवलं होतं म्हणे, पण मले बोललेच नाई. माझ्या माहेरचे सारे लोक पाहून राहिले सकाळपासून."

ही खुशालरावांची बायको, रुख्मिणी. पौर्णिमा आजवर तिला भेटलेली नव्हती. रुख्मिणी दुसऱ्या पाहुण्यांकडे वळली आणि तेच पुन्हा सांगू लागली, तितक्याच आनंदाने.

पौर्णिमा अमरावतीची. तिची आई चतुराबाई अंबादेवीच्या देवळाजवळ हार आणि सुटी फुलं विकते. पौर्णिमाने चित्रकलेचं शिक्षण घेतलं आणि त्यानंतर पोटासाठी जे मिळेल ते रंगवलं. दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंती, लग्नाच्या स्टेजमागचे पडदे. मग फ्लेक्स आला आणि एका वर्षात पाट्यांचं काम बसलं. शेखरचं गावात फ्लेक्स छपाईचं दुकान होतं. तिचं ठरलेलं एक काम त्याच्या मशीनने खाल्लं म्हणून ती त्याच्याशी भांडायला गेली होती. त्या भांडणातून लग्न झालं, हे ती आजही हसत सांगते. पाट्या गेल्या तशी ती स्वतःसाठी चित्रं काढू लागली. पावसातला बाजार, चौकातली संध्याकाळ. इम्प्रेशनिस्ट ढंगाची, म्हणजे रेघ न मारता नुसत्या रंगाच्या फटकाऱ्यांनी उभी केलेली.

अमरावतीच्या एका प्रदर्शनात खुशालराव तिच्या चित्रासमोर थांबले होते. वरूडचे संत्र्याचे मोठे व्यापारी, तिथे त्यांचं पॅकिंगचं शेड. पांढरा सदरा, मोठा आवाज.

"तुमी माणसायले तोंडच काढत नाई," ते म्हणाले होते. "पण माणसं चालतात, बाप्पा. खरंच चालतात."

मग त्यांनी सांगितलं की टूरवाल्यांनी त्यांना पॅरिसच्या एका संग्रहालयात नेलं होतं आणि तिथे असल्याच एका रस्त्याच्या चित्रापुढे ते इतका वेळ उभे राहिले की बाहेर बसवाला हॉर्न वाजवून वाजवून थकला. "मले तसा रस्ता पायजे. तिथलाच, तवाचा. लोकायनं नुसता गजबजलेला. माझ्या हॉटेलात आलेला माणूस दारातच थांबला पायजे."

पौर्णिमाने पॅरिस पाहिलेलं नव्हतं. तिने जुने फोटो जमवले, घोडागाड्यांची चाकं आणि टोप्यांचे आकार अभ्यासले. पण गर्दी फोटोतून येईना. मग ती जवाहर गेटच्या आतल्या बाजारात एका ओळखीच्या कापड दुकानाच्या गच्चीवर जाऊन बसायला लागली. वरून पाहिलं की माणूस केवढासा दिसतो, पाऊस आला की कोण कुठे सरकतो, ओझं खांद्यावर घेतलेल्या माणसाला इतर कशी वाट देतात, हे तिने तिथे पाहिलं आणि ते पॅरिसच्या रस्त्यावर नेऊन ठेवलं. चित्र मोठं होतं, घरात मावेना. चतुराबाईच्या घरामागे फुलं ठेवायची थंड खोली होती, तिथे तिने कॅनव्हास उभा केला. झेंडूच्या आणि टर्पेंटाइनच्या वासात तिचे सगळे दिवस गेले.

आईने चित्र अर्धं झाल्यावर पाहिलं. नाकाला पदर लावून अगदी जवळ गेली.

"हिले डोळे काहून नाई दिले व?"

"दुरून पाय, आई."

चतुराबाई दारापर्यंत मागे गेली आणि तिथून बघतच राहिली. "माय माय," ती म्हणाली, "चिखल चुकवून राहिली ना ते बाई!"

चित्र न्यायला खुशालराव स्वतः ट्रक घेऊन आले होते. त्यांनी ते पाहिलं आणि एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस गप्प झाला. बराच वेळ त्यांच्या तोंडून शब्द निघाला नाही. शेवटी ते एवढंच म्हणाले, "तेच हाय. मले तिथं जे झालं होतं ना, तेच होऊन राहिलं." पौर्णिमाला आजवर मिळालेल्या कौतुकात ते सगळ्यात खरं वाटलं होतं.

म्हणूनच आता ती भिंतीसमोरून तडक दाराकडे निघाली.

खुशालराव दारात पाहुण्यांचं स्वागत करत होते. ती त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"भाऊ, चित्र कोणी कापलं?"

"अरे, मॅडम आल्या! या, या. जेवून घ्या आधी."

"चित्र कोणी कापलं?"

"ते होय?" ते हसले. "टीव्ही बसेना हो भिंतीवर. इंटेरिअरवाला म्हणे, टीव्ही तिथंच पायजे. मंग थोडं कमी केलं. कोणाले कळते का सांगा बरं? सारे खूश हायेत."

"थोडं? अख्खं वळण कापलं तुम्ही! उजेड कापला!"

"हळू बोला, मॅडम. पाहुणे हायेत." आवाज उतरवून ते पुढे म्हणाले, "एवढं वाटत असन तर फोटो असनच ना तुमच्यापाशी? तेवढा भाग फ्लेक्सवर छापून टीव्हीच्या त्या बाजूनं लावून टाकू. काय, शेखरभाऊ?"

शेखर मागेच उभा होता. समोर मोठा माणूस, चारही बाजूंना पाहुणे. त्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "होईल ना. मॅट फिनिशमध्ये चांगलं दिसेल."

पौर्णिमाने वळून त्याच्याकडे पाहिलं. शेखरला तेवढ्यात कळलं की आपण काय बोललो, पण बोलून झालं होतं. ती तिथून निघाली आणि मिळेल त्या दाराने आत गेली.

ते दार मागच्या बोळात उघडत होतं. तिथे एक सुतार दाराची बिजागरी बसवत होता. त्याच्या हत्यारांच्या पेटीवर गुंडाळलेली जाड सुतळी पडली होती. चित्राच्या वरच्या भागाला बांधलेली तीच सुतळी पौर्णिमाने बाहेर पाहिली होती.

"दादा, बाहेरचं चित्र तुम्ही लावलं?"

"हो ताई." त्याचं नाव किशोर, तो अकोल्याचाच. "लय वजनी हाय ते. चौघं लागलो आमी."

"आणि कापलं कोणी?"

त्याने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. पौर्णिमाच्या चेहऱ्याकडे पाहून त्याला काय वाटलं कोण जाणे. "मीनंच. शेठनं सांगतलं. मले जिवावर आलं होतं खरं म्हणजे. चित्र कापाची वस्तू नसते."

"टीव्हीसाठी?"

"हो. पण टीव्ही तर डाव्या हातालेही लागत होता. लाइनचा पॉइंट दोन्हीकडं काढेल होता. मी विचारलं शेठले, कोन्या बाजूनं कापू? डावीकडं नुसती घरं हायेत, तिकडून कापतो म्हटलं. तर ते म्हणे, नाई, नाव हाय त्या बाजूनं काप."

पौर्णिमाला आधी ते नीट ऐकूच आलं नाही. "काय म्हणाले?"

"नाव हाय त्या बाजूनं काप म्हणे. खाली मराठीत नाव होतं ना कोणाचं तरी. ते म्हणे, पॅरिसच्या चित्रावर मराठी नाव कसं चालन."

आता तिला सगळं कळलं. टीव्ही हे अर्धंच कारण होतं. सही झाकता आली असती, तिच्यावर चौकटीची पट्टी ठोकता आली असती. पण कापायचंच आहे तर एका झटक्यात दोन्ही कामं होतात, एवढाच हिशेब त्या माणसाने केला होता. त्या हिशेबात वळण, म्हातारा आणि ऊन फुकट गेलं होतं.

"माझं नाव होतं ते," ती म्हणाली.

किशोर उभा राहिला. "ताई, मले ठाऊक नव्हतं. आईची आन. मी नसतं कापलं."

ती परत हॉलमध्ये आली तेव्हा सूत्रसंचालक पाहुण्यांची नावं घेत होता. पौर्णिमा स्टेजवर गेली आणि त्याच्या हातातला माइक तिने सरळ काढून घेतला.

"नमस्कार. मी पौर्णिमा. अमरावतीची," ती म्हणाली. राग आला की तिची शाळेतली मराठी गळून पडते, तशी ती आताही पडली. "भिंतीवरचं हे चित्र पॅरिसहून नाई आलं. अमरावतीले काढेल हाय, माझ्या मायच्या फुलायच्या खोलीत. मीनं काढलं. यायनं ते कापलं. आणि माझं नाव होतं त्याच बाजूनं कापलं, का तर तुमाले पॅरिसचं म्हणून सांगता आलं पायजे!"

समोरच्या रांगेत रुख्मिणी माहेरच्या बायांमध्ये बसलेली होती. तिचा चेहरा पांढरा पडला. शेजारची एक बाई तोंडावर पदर धरून हसली.

मग खुशालराव पुढे आले आणि त्यांनी जे केलं ते पौर्णिमाला कोणत्याही शिवीपेक्षा जास्त लागलं. ते टाळ्या वाजवू लागले.

"बरोबर हाय!" ते मोठ्याने म्हणाले. "आपल्या अमरावतीच्याच मॅडम हायेत! मी तुमाले सरप्राइज देणार होतो, पण त्यायनंच सांगून टाकलं. द्या, त्यायले बुके द्या!"

लोकांनीही टाळ्या वाजवल्या. कोणीतरी तिच्या हातात पुष्पगुच्छ कोंबला, कोणी फोटो काढला. ज्याच्यावर ओरडायला ती चढली होती तोच तिचा सत्कार करत होता. तिने गुच्छ स्टेजवर टाकला.

"कापलेला तुकडा कुठंय?" तिने विचारलं.

"कोणता तुकडा?" खुशालराव हसत म्हणाले, पण डोळे हसत नव्हते. "तो ट्रकवाला घेऊन गेला वरूडले. क्रेट झाकाले. जा आता, जेवून घ्या."

अकोल्याहून परत निघाल्यावर पौर्णिमा व्हॅनमध्ये खिडकीकडे तोंड करून बसली. मूर्तिजापूरला शेखरने चहासाठी गाडी थांबवली, तेव्हाही ती उतरली नाही. तो दोन्ही हातांत चहाचे ग्लास घेऊन खिडकीशी उभा राहिला.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "तो विचारून राहिला होता आणि मी दुकानात बसल्यासारखं उत्तर देऊन टाकलं."

"चहा गार होऊन राहिला, पिऊन घ्या," ती म्हणाली. आपला ग्लास तिने घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आईला सगळं सांगितलं. चतुराबाई गुलाबाच्या पाकळ्या निवडत होती. हातचं काम न थांबवता तिने शेवटपर्यंत ऐकलं.

"मंग तू इथं काहून बसली?" ती म्हणाली. "जाय, आन तुझा तुकडा."

शेखरने व्हॅन आधीच दारात आणून ठेवली होती.

मोर्शी गेलं आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्यांचे बगीचे सुरू झाले. मृग बहाराचा, म्हणजे पावसाळ्यातल्या फुलोऱ्याचा, माल तोडणीला आला होता. वरूडच्या अलीकडे ट्रॅक्टरांची रांग लागली होती, तिच्या कडेकडेने वाट काढत ते खुशालरावांच्या शेडपर्यंत पोचले. पत्र्याच्या शेडमध्ये संत्र्यांचे ढीग होते आणि ढिगांभोवती बाया बसून फळं निवडत होत्या. मोठं एकीकडे, बारीक एकीकडे, डागाचं वेगळं.

पौर्णिमाला तुकडा शोधावा लागला नाही. समोरच तीन बाया त्याच्यावर बसल्या होत्या.

रंगाची बाजू वर होती. एका कोपऱ्यात पावाच्या दुकानाची निळी छत्री दिसत होती. मधे धूळ, पायांचे ठसे, चुरगळलेली पानं. आणि जिथे फुटकी संत्री पडून दाबली गेली होती, तिथे रंगच उरला नव्हता. संत्र्याच्या सालीच्या तेलाने रंग विरघळतो, हे तिला माहीत होतं. स्वस्त पडतं म्हणून कॉलेजात तिने त्याने ब्रशही धुतले होते. हातगाडीवाल्या म्हाताऱ्याची पाठ त्या तेलाने पुसून टाकली होती. उन्हाचा पिवळा पट्टा जागोजागी कापडापर्यंत खाल्ला गेला होता.

"उठा," पौर्णिमा म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा जास्त चढला. "उठा त्याच्यावरून!"

बाया दचकल्या. त्यातली वयस्क बाई, माणिकबाई, गुडघ्यावर हात ठेवून सावकाश उठली.

"काहून व? कोणाच्या बापाचं हाय?"

"माझं हाय. मी काढलं हे."

माणिकबाईने खाली पाहिलं, मग तिच्याकडे. "आमाले काय ठाऊक बाई. किती साल झाले शेठले सांगून राहिलो, बसाले काही द्या, खालचा सिमेंट लय गार लागते. परवा ट्रकातून हे आलं तर आमी म्हटलं, चला, दिलं एकदाचं."

पौर्णिमाचा सगळा राग तोंडापर्यंत आलेला होता आणि या बाईवर तो काढता येत नव्हता. ती खाली बसली आणि हातांनीच धूळ झटकू लागली. मग माणिकबाईही बसली आणि आपल्या पदराच्या टोकाने पुसू लागली.

"पदर नका लावू, रंग निघन," पौर्णिमा म्हणाली.

"निघू दे. हा पदर काय लग्नात घालाचा हाय?"

शेखरने व्हॅनमधून जुने फ्लेक्स काढून आणले. कोणाच्या तरी वाढदिवसाचे, हसऱ्या चेहऱ्यांचे. त्याने ते चौपदरी घड्या घालून बायांपुढे अंथरले. "यायच्या थोबाडावर बसाचं का?" म्हणत बाया हसायला लागल्या आणि बसल्या.

तेवढ्यात शेडमागच्या घरातून खुशालराव बाहेर आले. अंगात बंडी, हातात मोबाइल. मागोमाग रुख्मिणी. कालची पैठणी नव्हती, साधं सुती लुगडं होतं, आणि डोळे सुजलेले होते.

"हे कोणतं नाटक चालू हाय?" खुशालराव म्हणाले. काल पाहुण्यांसाठी ठेवलेलं हसू आज नव्हतं. "काल माझ्या कार्यक्रमाची माती केली, आज माझ्या शेडात येऊन माझ्या मजुरायले उठवून राहिल्या? पैसे पोचले ना तुमाले पुरे? मंग चित्र माझं. मी कापीन, जाळीन, नाई तर खाली अंथरीन."

"चित्र तुमचं हाय, मी कुठं नाई म्हणते?" पौर्णिमा उभी राहिली. "पण हात माझा होता. त्या दिवशी माझ्या आईच्या दारात तुमच्या तोंडून शब्द निघत नव्हता. ते खोटं होतं का? तुमाले कळत नसतं तर मले एवढा राग नसता आला, खुशालराव. तुमाले कळते. कळूनही तुमी कापलं."

खुशालरावांनी मोबाइल एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "टीव्ही बसत नव्हता," ते म्हणाले.

आता रुख्मिणी पुढे आली, पण ती पौर्णिमावर आली. "तुले लाज नाई वाटली? माझ्या भावजया बसल्या होत्या तिथं. रातभर फोन येऊन राहिले. पॅरिस पॅरिस करत होती म्हणे! माझं हसं कराचं होतं तर आधी मले येऊन सांगाले काय झालतं?"

"मी सांगणार होते. तुमीच माझ्यापाशी आल्या, पॅरिसचं हाय म्हणून. तुमच्या तोंडावर कशी सांगू, वहिनी? तुमी खरं समजून बोलत होत्या."

रुख्मिणीने डोळे पुसले.

"आणि त्यायनं नाव होतं त्याच बाजूनं कापाले लावलं," पौर्णिमा म्हणाली. "तुमच्या सुताराले विचारा. टीव्ही डावीकडंही बसत होता."

रुख्मिणी नवऱ्याकडे वळली. शेडमधल्या बायांचे हात थांबले होते.

"खरं हाय हे?"

"अव, हॉटेलच्या धंद्यात थोडं सांगाच लागते..."

"धंद्यात नाई. मले काहून सांगतलं पॅरिसचं? मी का गिऱ्हाईक हाय?" तिचा आवाज फाटला. "मी साऱ्यायले छाती काढून सांगून राहिली होती, आमच्या यायनं विमानानं आणलं. तुमी बाजूले उभे राहून ऐकून राहिले होते. ऐकून हसून राहिले होते! मले वाटलं, कौतुकानं हसतात."

खुशालरावांनी काहीतरी बोलायला हात वर केला. तिने तो हात हवेतच झिडकारला.

"तो टीव्ही काढा. आज. आणि या बाईचा तुकडा होता तिथं लावून द्या. नाई तर मी त्या हॉटेलात पाय ठेवणार नाई. आणि तुमच्या पाहुण्यायले मीच सांगीन, काहून नाई ठेवत ते."

माणिकबाईने हळूच शेजारणीला कोपराने डिवचलं. खुशालरावांनी मोबाइलवर नंबर लावला आणि पाठ फिरवून म्हणाले, "किशोर? हां. तो टीव्ही उतरव."

पुढचे काही दिवस पौर्णिमा सकाळी अकोल्याची गाडी धरायची आणि संध्याकाळी परत यायची. किशोरने मोठी चौकट बनवली. त्याने आणि पौर्णिमाने मिळून दोन्ही तुकडे जमिनीवर पालथे घातले, मागून नवं कापड चिकटवलं, वर वजनं ठेवून वाळू दिलं. कापताना किशोरचा हात सरळ चालला होता, म्हणून कडा नीट जुळल्या. पण सांधा दिसायचाच. तिने तो पुट्टीने भरला, वर रंग दिला. दुरून कळत नव्हता, जवळ गेलं की वरपासून खालपर्यंत एक उंचवटा बोटाला लागायचा.

खाल्ला गेलेला उजेड तिला पुन्हा काढावा लागला. पहिल्यासारखा तो आला नाही. पहिला रंगवताना ती खुशीत होती, आता तिचा हात जड पडत होता आणि पिवळ्यात नारिंगी जास्त उतरत होता. म्हाताऱ्याची पाठही पूर्वीपेक्षा ताठ झाली. तिने ती तशीच ठेवली.

स्वागतकक्षात काम चाललेलं असल्याने येणारे-जाणारे थांबून बघत. रुख्मिणी एकदा येऊन गेली. तिने डबा आणला होता. बराच वेळ सोफ्यावर बसून ती बघत राहिली आणि जाताना म्हणाली, "ते चिखल चुकवणारी बाई हाय ना, ते मले आवडली." पॅरिसचं नाव तिने काढलं नाही.

शेवटच्या दिवशी शेखरही आला होता, चित्र भिंतीवर चढवायला हात लावायला. चित्र चढलं, घोडे पुन्हा वळणाकडे निघाले, खालच्या कोपऱ्यात पौर्णिमाचं नाव दिसायला लागलं. पौर्णिमा खाली बसून ब्रश पुसत होती, तेव्हा खुशालराव आले. चित्रासमोर उभे राहिले. अमरावतीच्या त्या खोलीत राहिले होते तसेच, गप्प. मग त्यांनी घसा साफ केला.

"आता झालं ना सारं जागच्या जागी? गेला ना राग?"

"नाई," पौर्णिमा म्हणाली.

तिने ब्रश कापडात गुंडाळले, रंगांची पेटी बंद केली आणि शेखरला म्हणाली, "चला, गाडी काढा."

जाता जाता ती मागच्या बोळात जाऊन किशोरला निघते म्हणून सांगून आली. खुशालरावांना तिने सांगितलं नाही.